पायाळूची फरशी

तो आत्ता उठून उभा राहत असेल आणि त्याला धरायला तिथे कुणी नसेल. हा विचार एकदा डोक्यात शिरला की ठाण मांडून बसायचा. भाजी चिरताना, बसमध्ये, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारताना, कुठेही. तिचा मुलगा फरशा बसवायचं काम करायचा. हे काम गुडघ्यांवर बसून करायचं. माणूस दिवसभर जमिनीला नाक लावून असतो, पण मधूनमधून त्याला उभं राहावं लागतंच. तिच्या मनातला मुलगा त्या उभं राहण्यातच अडकून पडलेला असायचा. अर्धा वाकलेला, एक हात हवेत. मग ती फोन उचलायची.

"चक्कर आली का रे?"

"नाही आई."

"खरं सांग."

"तू विचारेपर्यंत नव्हती आली," तो म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

नवऱ्याने तिचं नाव 'वेधशाळा' ठेवलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्याच्या विनोदांना दिवसभर मोकळं रान मिळालं होतं. "काय, आज वादळ की नुसतेच ढग?" तो सकाळी पेपरामागून विचारायचा. ती रागाने बघायची, पण उत्तर द्यायची सोय नव्हती. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलेली बाई परत येऊन कुलूप ओढून बघते, गॅस बंद केला तरी बटणाला हात लावून खात्री करते, ही गोष्ट सगळ्या बिल्डिंगला माहीत होती.

आणि या मुलाने तर जन्मतःच तिच्या जिवाला घोर लावला होता. सगळी मुलं डोक्याने येतात, हा पायांनी आला. नर्सने त्याला तिच्या कुशीत ठेवलं आणि म्हणाली, "पायाळू आहे हो." ते नाव घरातल्या घरात राहिलं असतं, पण पुढे कामावरच्या लोकांनी त्याला तेच नाव दिलं, आणि त्यांचं कारण निराळं होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरातलं न्हाणीघर दुरुस्तीला काढलं होतं. एक म्हातारे मिस्त्री यायचे. मुलगा उंबऱ्यात बसून त्यांचं काम बघायचा. पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं, नंतर स्वतःच सिमेंट कालवायला लागला. काम संपून मिस्त्री गेले, तसा हाही त्यांच्या मागोमाग गेला. कॉलेजात म्हणून बाहेर पडलेला मुलगा संध्याकाळी नखांत सिमेंट घेऊन घरी यायला लागला. ती आयुष्यभर पुस्तकांत वावरलेली बाई. फार रडली. नवरा म्हणाला, "अगं, पुस्तकं वाचायला बसलं तरी खाली जमीन लागतेच ना? ती करेल तो." तेव्हा तिने त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. पण मुलाचा हात कामावर बसला तो बसलाच.

त्याची एक पद्धत होती. फरशी बसवून झाली, सांधे भरून झाले, की तो बूट-मोजे काढायचा, डोळे मिटायचा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालायचा. हळूहळू, टाच-चवडा, टाच-चवडा. एखादी फरशी कागदाच्या जाडीइतकी जरी वर असली तरी तो थबकायचा. "इथे." मग मिस्त्री त्यांची पाणसळ काढून तिथे ठेवायचे. काचेच्या नळीतला बुडबुडा मधल्या खुणेपासून जरासा सरकलेला असायचा. मिस्त्री मिशीत हसायचे. तेव्हापासून तो सगळ्यांचा पायाळू झाला. मिस्त्रींचे गुडघे थकले, तसं त्याने आणि त्याच्या मित्राने, लंबूने, मिळून कामं घ्यायला सुरुवात केली. लंबू नावाप्रमाणे उंच. खाली बसला तरी उभा असल्यासारखा दिसायचा. काम देणारे लंबूला विचारायचे, "तुमचा तो मित्र डोळे मिटून चालून दाखवतो म्हणे?" लंबू म्हणायचा, "चालतो. नाचत मात्र नाही."

मागच्या वर्षी कधीतरी ते सुरू झालं. नक्की कधी, ते त्यालाही सांगता येत नाही. एकदा बँकेत रांगेत उभा असताना पायाखालची जमीन होडीसारखी डुलली. त्याला वाटलं, उपाशीपोटी आलोय म्हणून असेल. दुसऱ्या वेळी पोट भरलेलं होतं. मग तो, आता पुन्हा चक्कर येईल म्हणून वाट बघायला लागला आणि ज्याची वाट बघावी ते येतंच. त्याने कुणाला सांगितलं नाही. पडलो तर लोक काय म्हणतील, या धास्तीने रस्त्यातून जाताना भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. हे सगळं घरी कळलं ते लंबूमुळे, आणि तेही दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा तमाशा झाल्यावर.

लंबू भर दुपारी घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकू, रागवणार नसाल तर सांगतो."

"आधी सांग, मग रागवायचं की नाही ते ठरवते."

दवाखान्याची फरशी पूर्ण झाली होती. संध्याकाळी पायाळू नेहमीप्रमाणे अनवाणी चालला आणि खुर्ची ठेवायच्या कोपऱ्यात थांबला. इथे उतार आहे म्हणाला. लंबूने पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधे. पायाळू म्हणाला, पाणसळ बिघडली. लंबूने शेजारच्या कामावरून दुसरी मागून आणली. बुडबुडा मधेच. "तो माझ्याकडे असा बघत राहिला, काकू, जसं काही मी बुडबुड्याला फितवलंय." मग दोघं घरी गेले. आणि सकाळी लंबू कामावर पोचला तेव्हा पायाळू छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता आणि तो अख्खा कोपरा उखडलेला होता. चांगल्या, सरळ, पक्क्या बसलेल्या फरशा. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी ढिगाऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काल इथे फरशी होती ना?"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, होती, पण तिरकी होती." लंबूने ग्लास खाली ठेवला. "काकू, आयुष्यात त्याचे पाय चुकले नाहीत. आता ते चुकतायत, आणि त्याचा भरवसा अजून त्यांच्यावरच आहे. असं चाललं तर आम्हाला काम कोण देणार?"

ती त्याला घेऊन डॉक्टरांच्या दारोदार फिरली. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत. रक्त, दाब, डोळे, मान, सगळं बघून झालं. प्रत्येक अहवाल चांगला आला की ती आणखीच घाबरायची, कारण मग राहिलं ते काय? त्या दिवसांत तो आपली खोली सोडून आई-वडिलांकडे येऊन राहिला होता. एका दुपारी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तो तिच्याकडे बराच वेळ बघत होता.

"काय रे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? काय बघतोयस?"

"आई, हे घर आपल्या घरासारखं हुबेहूब बनवलंय असं वाटतं. सगळं जिथल्या तिथे आहे. ओट्याचा तो उडालेला टवकासुद्धा. पण कुणीतरी नक्कल करून बांधलंय असं. आणि तू बोलतेस ते ऐकू येतं, पण काचेपलीकडून." तो थांबला. "मला कळतंय की तू तूच आहेस. फक्त तसं वाटत नाही."

 ज्याला नऊ महिने पोटात वाढवलं त्याने समोर बसून म्हणावं की तू मला तू वाटत नाहीस! तिला काय करावं कळेना, म्हणून तिने त्याच्या दंडाला कचकन चिमटा काढला.

"आई गं! लागलं ना!"

"लागलं ना? मग मी खरी आहे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. पण हसता हसताच त्याचे डोळे भरून आले आणि त्याने विचारलं, "मला वेड लागतंय का गं?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला मनाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाई वयाने मोठ्या होत्या, केस पांढरे, आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईंसारखा. त्यांनी आधी सगळे अहवाल शांतपणे वाचले, मग त्याला सगळं सांगायला लावलं, अगदी त्या नक्कल केलेल्या घरापर्यंत. आणि म्हणाल्या, "वेड-बिड काही लागत नाहीये. ही भीती आहे, आणि ती अंगात उतरलीये. माणूस घाबरला की श्वास वरच्यावर घेतो, मान-खांदे आखडतात, मग डोकं हलकं होतं आणि जमीन हलल्यासारखी वाटते. फार दिवस घाबरून राहिलं की मन दमतं आणि सगळ्या जगापासून दोन पावलं मागे सरकून उभं राहतं. म्हणून घर परकं वाटतं, आई परकी वाटते. पुष्कळांना होतं, सांगत नाहीत इतकंच. त्रासदायक आहे, पण त्याने काही वाईट घडत नाही आणि ते जातं."

"म्हणजे माझे पाय खोटं बोलतात?"

"पाय बिचारे नीट आहेत. तू त्यांना दिवसभर एकच विचारत बसतोस, पडणार का, पडणार का? इतक्यांदा विचारलं तर कुणीही गडबडेल." मग त्यांनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. "आणि याला घरी कोण विचारतं?"

तो छताकडे बघायला लागला.

"मी करते फोन," ती म्हणाली. "आईच आहे ना मी! दिवसातून दोन-तीनदा."

"अकरा," तो छताला म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही विचारलंत की त्याला उत्तर द्यायचं असतं. उत्तर शोधायला त्याला आत डोकावावं लागतं, आणि तिथे बघायला गेलं की काही ना काही सापडतंच. तुमचा प्रश्न मायेचा आहे, मला दिसतंय. पण तो काही दिवस विचारू नका."

त्याला त्यांनी दर आठवड्याला यायला सांगितलं. श्वास सावकाश सोडायची सवय लावली. भिंत धरून चालायचं नाही, रांगेतून पळून यायचं नाही, चक्कर आली तर येऊ द्यायची आणि हातातलं काम चालू ठेवायचं, असा गृहपाठ दिला. फरशीच्या बाबतीत नियम एकच. दवाखान्याचा कोपरा पुन्हा बसवायचा, पाणसळ एकदा ठेवायची, बुडबुडा मधे आला की निघायचं. बूट काढायचे नाहीत. परत जाऊन बघायचं नाही.

दाताच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, त्यांनी कोपरा त्यालाच करू दिला. मात्र एवढं बजावलं, की या वेळी सकाळी आल्यावर फरशी जागेवर दिसली पाहिजे. नाहीतर त्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील, आणि त्याचं नाव या भागात कुणी काढणार नाही.

तो आपल्या खोलीवर राहायला गेला. आणि तिची परीक्षा सुरू झाली.

पहिल्या दिवशी तिने फोन करून विचारलं, "जेवलास का?"

"हो."

"नीट जेवलास?"

"हो."

"आवाज असा का येतोय?"

"आई, हा तोच प्रश्न आहे. फक्त कपडे बदलून आलाय."

दुसऱ्या दिवशी तिने हवा कशी आहे ते विचारलं. तिसऱ्या दिवशी झोप. शेवटी तो म्हणाला, "आई, ऐक. कोपरा होईपर्यंत तू फोन करू नकोस. मी करेन. तुझा फोन वाजला ना, की फरशी हलायला लागते. नुसता वाजला तरी." तो चिडून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो अगदी समजुतीने बोलला.

नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच काही विनोद न करता तिच्याजवळ बसला. म्हणाला, "आपण दोघांनी मिळून विचारायचं नाही. एकटीला जड जाईल तुला."

तरी एका दुपारी तिचे पाय तिला दवाखान्याच्या रस्त्यावर घेऊन गेलेच. ती पलीकडच्या फुटपाथवर, औषधांच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. समोरच्या मोठ्या काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. तिचा मुलगा गुडघ्यांवर होता. त्याने फरशी टेकवली, रबरी हातोड्याने चारी कोपरे ठोकले, वाकून कडेला डोळा लावला. मग उठला.

आणि तेच झालं जे ती इतके दिवस मनात बघत होती. तो अर्धा उठला, थबकला, एक हात हवेत गेला आणि त्याने दाराची चौकट धरली. तिने रस्त्यात पाऊल टाकलं. एक सायकलवाला शिवी हासडून गेला. ती परत मागे सरली. तेवढ्यात काचेआड त्याने मान खाली घातली, त्याचे खांदे सावकाश खाली आले, चौकटीवरची बोटं एकेक करून सुटली. तो वळला, ढिगातली पुढची फरशी उचलली आणि पुन्हा खाली बसला. बस. इतकंच. कुणी धरलं नाही, कुणी विचारलं नाही. चक्कर आली आणि गेली, आणि फरशी जिथे बसायची तिथे बसली.

लंबूने तिला बघितलं होतं. तो हात झटकत रस्ता ओलांडून आला.

"काकू! इथे का उभ्या? आत या ना."

"नको, नको. मी इथे नाहीये."

"बरं. मग नसलेल्या काकूंसाठी चहा सांगू?"

"लंबू, त्याला सांगू नकोस हं."

"कुणाबद्दल? इथे तर कुणीच नाही." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "सकाळी म्हणाला, जमीन हलतेय. मी म्हटलं, थांबूया का? तर म्हणाला, हलू दे, तिचं ती बघेल, तू सिमेंट आण."

ती बसने घरी आली. वाटेत तिला ती चौकटीवरची बोटं आठवत राहिली. हा इतका मोठा धीर त्याने कुठून आणला, आणि अकरा वेळा फोन करूनही तो आपल्याला कधी ऐकू कसा आला नाही, हे तिला उमगेना. तो उत्तर द्यायचा, 'नाही आई', आणि ती पुढचं ऐकण्याआधी 'खरं सांग' म्हणायची.

कोपरा पुरा व्हायचा दिवस उजाडला. त्या दिवशी ती वाचनालयात होती. संध्याकाळ झाली, वाचक पांगले, तरी त्याचा फोन नव्हता. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा ती कपाटात लावत होती तेवढ्यात फोन वाजला. लंबू.

"काकू, काम झालं. एकदम फस्क्लास. त्याने एकदा पाणसळ ठेवली, बुडबुडा मधे. आम्ही सामान आवरलं, दाराला कुलूप लावलं."

"मग?"

"मग तो पायरीवर बसला. अर्धा तास झाला. किल्ली मुठीत धरून बसलाय. म्हणतो, फक्त एकदा आत जाऊन अनवाणी चालून येतो, मग निघू. मी म्हटलं, नको. मग म्हणतो, बरं, नको. पण उठत नाही."

"बूट?"

"घातलेत अजून. पण सारखी नाडीशी बोटं चाललीयत. काकू, तुम्ही बोलता का त्याच्याशी? मी पुढे काही बोललो तर आमचं वाजेल."

"हातोडा कुठाय?"

"माझ्या पिशवीत. मी पिशवीवरच बसलोय."

"बरं. तू फोन ठेव, मी बघते," ती म्हणाली, पण काय बघणार ते तिला ठाऊक नव्हतं. तोंडाशी सगळे जुने प्रश्न येऊन उभे होते. चक्कर येतेय का? घाबरायला होतंय का? नको ना रे जाऊस आत. फरशी सरळ आहे, मी सांगते ना. हे शेवटचं तर सगळ्यात वाईट. ती सांगेल, आणि पाच मिनिटांनी त्याला पुन्हा कुणीतरी सांगावं लागेल. कुलपापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता तिला पाठ होता. तिथून कितीदा परत फिरलं तरी समाधान होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण फोनच करायचा नाही, हेही खरं नव्हतं. तो तिथे पायरीवर एकटा बसला होता आणि ती त्याची आई होती. विचारायचं नाही म्हणजे बोलायचंच नाही, असं तर कुणी म्हटलं नव्हतं. मग आईने मुलाला फोन करून बोलायचं तरी काय? इतक्या दिवसांत दुसरं काही बोलणंच झालं नव्हतं.

तिने हातातलं पुस्तक कपाटात ठेवायला उचललं. कायद्याचं जाडजूड पुस्तक, एका वकीलसाहेबांनी दुपारी परत केलेलं. ते मधेच फुगलं होतं. तिने उघडलं. आत खूण म्हणून चमचा ठेवलेला होता. स्टीलचा, चांगला मोठा, वाढायचा चमचा. तिने तो बाहेर काढून उजेडात धरला. निदान धुतलेला होता.

तिला हसू फुटलं. एकटीच, रिकाम्या वाचनालयात, चमचा हातात घेऊन ती हसत राहिली. हे वकीलसाहेब कोर्टात किती दरारा ठेवतात म्हणे! आणि घरी बायको चमचा शोधत असेल. हे त्याला सांगितलं पाहिजे, तिच्या मनात आलं. तो विचारेल, कुठल्या पानावर होता? तिने वाकून पानाचा आकडा नीट बघून ठेवला. मग ती खुर्चीवर टेकली. तो उचलेल की नाही, माहीत नव्हतं. उचलला तर त्याचा आवाज कसा असेल, माहीत नव्हतं, आणि तो कसाही असला तरी तिने विचारायचं नव्हतं. छाती धडधडत होती. धडधडू दे, ती स्वतःला म्हणाली, आणि मुलाचा नंबर लावला.